मामा, तो एसएमएस सुरक्षित नव्हता

"सगळ्या प्रायव्हसी कंपन्या विकल्या गेल्यात. सिग्नल सीआयएच्या पैशावर चालतं, प्रोटॉन पोलिसांना माहिती पुरवतं. त्यापेक्षा साधा एसएमएस बरा, तो इंटरनेटवरून जातच नाही!" हा फॉरवर्ड माझ्या मामांपर्यंत पोचला. (सिग्नल हे मेसेजिंग ॲप, प्रोटॉन ही ईमेल सेवा.) त्यांनी सिग्नल काढून टाकलं आणि काल मला बँकेचा पासवर्ड दोन एसएमएसमध्ये तोडून पाठवला. खाली लिहिलं होतं, 'आता काळजी नाही'.

म्हणून आधी एसएमएसच घेतो. इंटरनेटवरून जात नाही म्हणजे कुणी वाचत नाही, हा शोध कुणाचा? एसएमएसला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला उघडता येईल असं कुलूप, नसतं. मजकूर टेलिकॉम कंपनीच्या यंत्रणेतून उघडाच जातो. तिथे जो शिरला त्याला तो दिसतो. आणि शिरतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बड्या टेलिकॉम कंपन्यांत हॅकर घुसल्याचं उघड झालं, तेव्हा तिथल्या सरकारी अधिकाऱ्यांनीच लोकांना एन्क्रिप्टेड मेसेजिंग वापरायला सांगितलं. राहता राहिले पासवर्डाचे तुकडे. दोन्ही एकाच नंबरवरून, एकाच नंबरला, मिनिटाभराच्या अंतराने. चोराला एवढी बेरीज येते हो.

सिग्नलमागच्या मंडळींना ओपन टेक्नॉलॉजी फंडातून अमेरिकी सरकारचा पैसा मिळाला होता, हे खरं. पण २०१६ मध्ये त्याच सरकारने समन्स काढून दोन नंबरांची माहिती मागितली, तेव्हा काय मिळालं? एका नंबरचं खातंच नव्हतं. दुसरं खातं कधी उघडलं आणि सर्व्हरला शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच. कागदपत्रं सार्वजनिक आहेत. मेसेज साठवलेच नव्हते, तर देणार कुठून?

प्रोटॉनने २०२१ मध्ये स्विस आदेशावरून एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी ॲड्रेस, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता, दिला. दिलाच. मेलचा मजकूर मात्र दिला नाही. आयपी लपवायचा तर टॉरसारखं, आपला माग लपवणारं जाळं वापरावं लागतं, नुसत्या मेल कंपनीने ते काम होत नाही.

आणि हो, कंपनीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हेही मान्य. क्रिप्टो एजी ही स्विस कंपनी कित्येक सरकारांना सांकेतिक संदेशांची यंत्रं विकायची. ती गुपचूप सीआयए आणि जर्मन गुप्तचर खात्याच्या मालकीची होती, हे २०२० मध्ये जगजाहीर झालं. पण ती यंत्रं म्हणजे बंद पेटी. सिग्नलचा कोड कुणालाही तपासता येतो. मधला सर्व्हरच नको असेल तर ब्रायर हे मेसेजिंग ॲप आहे: टॉरवरून, किंवा जवळ असलो तर ब्लूटूथ-वायफायवरून, थेट या फोनवरून त्या फोनवर. फक्त ते दोघांकडे हवं.

मामा, पासवर्ड आत्ता बदला. नवा मला पाठवू नका.