नोटरीची सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे

‘500 च्या स्टॅम्पवर दोघांच्या सह्या घेऊन नोटरी केली की घटस्फोट झाला,’ असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 नुसार संमतीचा घटस्फोटही कलम 13-ब खाली कोर्टातूनच घ्यावा लागतो. काही समाजांत रूढीने काडीमोड होतो, पण वाद झाला तर ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. नोटरीचा शिक्का फार तर सही कोणाची एवढंच सांगतो. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं, आणि भरडली जाते बाईच. त्यातच ‘पोटगीचा हक्क सोडला’ अशी ओळ बऱ्याचदा घुसडलेली असते. सही करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.