‘रडगाणं’ म्हणालात, म्हणून इतकं लांब उत्तर

‘पाळणाघरातली मावशी आणि घरी येणारी बाई’ या माझ्या गेल्या आठवड्यातल्या लेखावर ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. वेळ रात्रीची पावणेबारा. पाळणाघरातल्या मावशींना घरी मूल सांभाळणाऱ्या बाईपेक्षा कमी पगार मिळतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर स्पष्टवक्ते म्हणतात: “काकू, वीस वर्षं मावशींच्या तुटपुंज्या पगारावर स्वतःचं घर चालवलंत आणि आता त्यांच्याच नावाने रडगाणं गाताय.” पुढे आणखी तीन मुद्दे आहेत. अंगणवाडी सेविकांच्या मानधनाचा आकडा चुकला आहे, अंगणवाडी चार तासांची असल्याने तिची तुलनाच गैरलागू आहे आणि असल्या विषयावर आकडे द्यावेत, आठवणी नकोत.

आधी माझी चूक. सेविकांचं मानधन मी १०,००० लिहिलं होतं, ते २०२३ च्या वाढीनंतरचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने ते १३,००० केलं, वर कामगिरीनुसार २,००० पर्यंत प्रोत्साहन भत्ता. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. बघा, मला चूक मान्य करता येते.

आता ‘काकू’. मला काकू म्हणायचा हक्क माझ्या पाळणाघरातल्या मुलांचा. त्यातली काही आता नोकरीला लागली आहेत आणि अजून काकूच म्हणतात. तुम्ही म्हणालात तो काकू त्यातला नव्हे, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. डोंबिवलीच्या लोकलमध्ये ‘काकू, जरा सरका’ म्हणतात तो तो काकू.

आणि रडगाणं? त्या लेखात मी कुठे रडले ते ओळ दाखवून सांगा. दोन बायका एकच काम करतात, एकीला जास्त मिळतं आणि दुसरीला कमी, एवढंच लिहिलं होतं. हेच एखाद्या पुरुषाने लिहिलं असतं तर तुम्ही त्याला ‘विश्लेषण’ म्हणाला असतात.

राहता राहिलं ‘स्वतःचं घर चालवलंत’. हो, चालवलं. १९९९ मध्ये यजमानांची कंपनी बंद पडली, मुलगी दुसरीत होती. तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन मी पाळणाघर काढलं. पाळणे दोनच होते, तेही एकाच घरातून मागून आणलेले. त्यावर घर चाललं याची मला लाज वाटावी असं तुम्हाला का वाटतं? डॉक्टरनं दवाखान्यावर घर चालवलं तर त्याला कोणी बोलत नाही.

‘तुटपुंज्या पगारावर’ या शब्दाने जास्त टोचलं, म्हणून एक रात्र सांगते. २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. गाड्या बंद, फोन लागेनात, आया कुठे दादरला, कुठे घाटकोपरला अडकलेल्या. संध्याकाळी सातला माझ्याकडे नऊ मुलं उरली होती आणि वीज गेलेली. थोरल्या मावशींनी मेणबत्ती लावून मऊ खिचडी टाकली. एक सव्वा वर्षाचा मुलगा होता, त्याला झोपताना कुणाचा तरी कान हातात लागायचा. एरवी आईचा. त्या रात्री मावशी भिंतीला टेकून तीन वाजेपर्यंत मान वाकडी करून बसल्या होत्या. जरा हलल्या की तो जागा व्हायचा. आणि त्यांची स्वतःची दोन पोरं खाडीच्या बाजूच्या चाळीत शेजारणीकडे होती. घरात गुडघाभर पाणी शिरलं होतं. हे त्यांना दुसऱ्या दिवशी अकराला कळलं, आणि मला त्याहून उशिरा.

त्या रात्रीचे जादा पैसे दिले का, हे तुम्ही विचारणारच. पैसे नाही दिले. दिवाळीला साडी दिली, दरवर्षीपेक्षा भारी. तेव्हा तसंच चालायचं. आमच्याकडे कामाला होत्या, पण आमच्याकडे ‘कामाला आहेत’ असं कोणी म्हणत नसे. तुम्ही त्या घरात नव्हतात.

आठवणी नकोत म्हणता ना, मग हिशोब घ्या. माझ्या वहीतला, २०१८ चा. चौदा मुलं, फी ४,५००, जमा ६३,०००. दोन मावशी पूर्ण दिवस, प्रत्येकी ११,०००, आणि दुपारची एक ६,००० वर. जागेचं भाडं १६,०००. विजेचं बिल व्यापारी दराने, साधारण ३,५००. दूध, नाश्ता, गॅस, फिनाइल धरून ५,५००. गेले ५३,०००, उरले १०,०००. म्हणजे मालकिणीला मावशीपेक्षा एक हजार कमी. मे महिन्यात निम्मी मुलं गावाला जायची, तेव्हा तेही नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरातला मारहाणीचा व्हिडिओ सगळ्या चॅनेलवर फिरला, त्यानंतर सगळ्या पालकांना कॅमेरे हवे झाले. हवेच होते, माझी हरकत नव्हती. पण ते बसवायचे पैसे कोणी दिले असतील असं वाटतं?

एकदा, २०१७ च्या जूनमध्ये, मी चिठ्ठी काढली: मावशींचा पगार वाढवायचा आहे, फीमध्ये पाचशेची वाढ. चार पालकांनी मूल काढून घेतलं. त्यातल्या एकीने घरी बाई ठेवली, १५,००० वर. पाचशे जड गेलेल्या घरातून पंधरा हजार निघाले! मला तेव्हा नुसता राग आला. कारण बऱ्याच उशिराने कळलं, आणि ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

पगार खाड्यावर ठरतो. घरी येणाऱ्या बाईने खाडा केला की आईचा खाडा होतो, ऑफिसात फोन करावा लागतो, साहेबाचं ऐकून घ्यावं लागतं. त्या एका दिवसाची किंमत आईला चांगली ठाऊक असते, म्हणून ती बाईला धरून ठेवते, वाढ मागायच्या आत देते. माझ्याकडे एका मावशीचा खाडा झाला तर दुसरी मावशी सात मुलांऐवजी चौदा बघायची. पालकांना पत्ताही लागायचा नाही. आम्ही काम इतकं सांभाळून घ्यायचो की त्याची किंमत कुणाला कळलीच नाही, आणि फीच्या पाचशे रुपयांत तेच दिसलं.

अंगणवाडीचंही हेच, म्हणून तुमचा ‘गैरलागू’ मला मान्य नाही. मार्च २०१८ मध्ये सरकारने सेविकांना मेस्मा लावला. म्हणजे काम अत्यावश्यक, संप करायचा नाही. आणि पैसे? ते मात्र ‘मानधन’. विधिमंडळात गदारोळ झाला तेव्हा तो मागे घेतला. ४ डिसेंबर २०२३ पासून सेविका आणि मदतनीस पन्नासएक दिवस संपावर होत्या. सगळ्यांनी मिळून खाडा केला, तेव्हा कुठे राज्यभर कळलं की पोरांना खाऊ कोण घालतं, वजनं कोण घेतं, गरोदर बायांच्या नोंदी कोण ठेवतं. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून ठरवलेला आकडा ४,५०० होता, वरचं राज्याने घातलेलं. चार तासांचं म्हणाल, तर २५ एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. सेविकांना ग्रॅच्युइटी लागू आहे असं सांगताना हे अर्धवेळ काम नाही हेही न्यायालयाने म्हटलंय. त्या खंडपीठात आपल्या ठाण्याचे न्यायमूर्ती अभय ओक होते. एवढं पुरे.



माझी धाकटी मावशी २०१८ च्या शेवटी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका टॉवरमध्ये गेली, १६,००० वर, एका मुलासाठी. मी अडवलं नाही, अडवण्यासारखं हातात काय होतं? संक्रांतीला तिळगूळ घेऊन आली तेव्हा विचारलं, कसं चाललंय. म्हणाली, “काकू, तुमच्याकडे मुलं चौदा होती, मालकीण एक. तिथे मूल एक, मालकिणी तीन. आई, आजी नि कॅमेरा.” तरी परत येते म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा, मीही खऱ्या नावानेच लिहिते.

काल तुमचं वाचून झाल्यावर थोरल्या मावशींना फोन केला. आता त्या आपल्या मुलाकडे बदलापूरला असतात, गुडघे गेलेत. २६ जुलैचं काढलं तर त्यांना कान धरणारा तो मुलगा नावासकट आठवतो, त्याच्या आईचा डबाही आठवतो. मी म्हटलं, आणि दिवाळीची ती साडी, मोरपंखी काठाची? म्हणाल्या, “कुठली हो काकू?”

तुम्ही म्हणाल, लक्षात राहण्यासारखी नसेल. म्हणा.