डॅलसला कूपर फ्लॅग ‘बक्षीस’ मिळाला नाही

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगची २०२५ ची ड्राफ्ट लॉटरी, म्हणजे नवे खेळाडू कोणत्या संघाने आधी निवडायचे हे ठरवणारी सोडत, झाल्यापासून चाहत्यांमध्ये एक दावा फिरतो आहे. डॅलस मॅव्हरिक्सने फेब्रुवारीत आपला आघाडीचा खेळाडू लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिस लेकर्सच्या हवाली केले आणि त्याची परतफेड म्हणून लीगने मे महिन्यात पहिली निवड, म्हणजेच त्या वर्षीचा सर्वांत चर्चेतला नवा खेळाडू कूपर फ्लॅग, डॅलसच्या पदरात टाकली, असे त्यात म्हटले आहे. आधार म्हणून अवघी १.८ टक्के शक्यता, बंद खोलीतली सोडत आणि १९८५ चा इतिहास पुढे केला जातो.

आधी १.८ टक्क्यांचे पाहू. सोडतीच्या यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू असतात आणि त्यांतून चार काढले जातात. चार आकड्यांचे असे १,००१ गट होतात. एक बाजूला ठेवून उरलेले १,००० गट संघांत वाटले जातात; ज्या संघाचा गट निघतो त्याला पहिली निवड मिळते. तळाच्या तीन संघांना प्रत्येकी १४०, तर तळापासून अकराव्या क्रमांकावरच्या डॅलसला १८ गट मिळाले होते. शिकागोचीही कामगिरी ३९ विजय, ४३ पराभव अशीच असल्याने बरोबरी चिठ्ठीने सोडवली गेली आणि शिकागोच्या वाट्याला १७ गट आले. एकट्या डॅलसची शक्यता क्षुल्लक दिसते हे खरे, पण अकरा ते चौदा क्रमांकांच्या संघांचे गट मिळून ५० होतात, म्हणजे साधारण वीस वर्षांतून एकदा त्यांच्यापैकी कोणीतरी जिंकणे हे गणितालाच धरून आहे. शिवाय २००८ मध्ये शिकागो आणि २०१४ मध्ये क्लीव्हलँड १.७ टक्क्यांवर जिंकले होते.

कटाची कल्पना सर्वांत जास्त कोलमडते ती १८ एप्रिलच्या सामन्यापाशी. त्या रात्री डॅलस मेम्फिसविरुद्ध प्ले-इन सामना, म्हणजे प्लेऑफ या बाद फेरीत प्रवेशासाठीचा सामना, खेळत होता. जिंकला असता तर प्लेऑफमध्ये गेला असता आणि प्लेऑफबाहेरच्या संघांसाठीच असलेल्या लॉटरीतून बाहेर पडला असता. डॉन्चिचच्या बदल्यात आलेल्या अँथनी डेव्हिसने त्या सामन्यात ४० गुण केले, तरीही डॅलस १०६-१२० असा हरला. फेब्रुवारीतच बक्षीस ठरले होते असे मानायचे, तर मार्चमध्ये कायरी अर्व्हिंगचा गुडघा जायबंदी होणे आणि एप्रिलमधला हा पराभव, दोन्ही त्या योजनेत बसवावे लागतात.

बंद खोलीचा आक्षेप मात्र मी पूर्णपणे झटकून टाकणार नाही. मंचावर पाकिटे उघडली जातात, पण खरी सोडत त्याआधीच दुसऱ्या खोलीत झालेली असते. चेंडू २० सेकंद घुसळून पहिला काढतात आणि मग दर १० सेकंदांनी पुढचा. तिथे अर्न्स्ट अँड यंग या लेखापरीक्षण कंपनीचे निरीक्षक, पत्रकार आणि सहभागी संघांचे प्रतिनिधी असतात, सर्वांचे फोन काढून घेतलेले असतात आणि प्रक्षेपण संपेपर्यंत कोणालाही बाहेर पडता येत नाही. हरणाऱ्या संघांच्या डोळ्यांदेखत लबाडी झाली आणि ते सगळे गप्प बसले, हे पटणारे नाही. सोडतीचे चित्रीकरण लीग नंतर प्रसिद्धही करते. माझ्या मते ते थेटच दाखवायला हवे, कारण कुठेतरी पाणी मुरते आहे अशी शंका या उशिरामुळेच वाढते.

१९८५ मध्ये पहिली निवड ठरलेला पॅट्रिक युइंग न्यूयॉर्कला गेला तेव्हा ड्रममध्ये सात पाकिटे होती आणि एकाचा कोपरा दुमडलेला होता (तो खुणेसाठीच, असा संशय घेतला जातो), एवढेच दिसते. ती पद्धत कधीच मोडीत निघाली आहे. पाकिटावरचा संशय चेंडूंवर लादता येत नाही.

आणखी एक गोष्ट. दुसरी निवड मिळालेला सॅन अँटोनियो पहिला आला असता, तर ‘त्यांचा तारा वेम्बन्यामाच्या जोडीला फ्लॅग देऊन लीगने आपले भविष्य घडवले’ असे म्हटले गेले असते; फिलाडेल्फियाच्या बाबतीत मोठ्या शहराचे कारण तयारच होते. कोणत्याही निकालाला लागू पडणारे स्पष्टीकरण कशाचाच पुरावा ठरत नाही.

१७ विजय आणि ६५ पराभव पदरी असलेल्या युटा जाझची पाचव्या क्रमांकावर झालेली घसरण मला जास्त खुपते. तीही उघड नियमांनुसारच झाली. २०१९ पासून सर्वांत दुबळ्या संघाची पहिल्या निवडीची शक्यता २५ वरून १४ टक्क्यांवर आली आणि पाचवे स्थान मिळण्याची शक्यता ४७.९ टक्के झाली. हा बदल सप्टेंबर २०१७ मध्ये संघमालकांच्या मतदानाने झाला होता: २८ संघ बाजूने होते, ओक्लाहोमा सिटी विरोधात होती आणि डॅलस तटस्थ राहिला होता.