खातं बंद पडलं की नवं काढायचं?

इंदूरच्या आमच्या मराठी धंदेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मूळ हिंदीत होता, आता कुणीतरी तो मराठीत करून पुढे ढकललाय. मजकूर थोडक्यात असा: ऑनलाइन जाहिरातीचं खातं सस्पेंड झालं तर घाबरू नका, नवा जीमेल काढून नवं खातं उघडा. तेही अडलं तर कुणाचं तरी जुनं खातं भाड्याने घ्या. जाहिरात नामंजूर झाली तर शब्द इकडचे तिकडे करून पुन्हा टाका, तपासणारं शेवटी मशीनच. पैसे जास्त कापले तर बँकेत तक्रार करून परत मिळवा. आणि अपिलात वेळ घालवू नका, ते कुणी वाचत नाही. मराठी आवृत्तीतही शेवटचा ‘भिया’, म्हणजे इंदुरी ‘भाऊ’, मात्र कुणी काढला नाही, तेवढं इंदूरपण राहिलंय.

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या लहान दुकानदारांची जाहिरात खाती मी सांभाळतो. या पाचातले चार सल्ले खातं कायमचं घालवणारे आहेत. पाचव्यात थोडंफार तथ्य आहे, त्याकडे शेवटी येतो.

नवा जीमेल हा सगळ्यात लोकप्रिय सल्ला. आमच्याकडच्या एक ताई घरून माहेश्वरी साड्या विकतात. त्यांची वेबसाईट ओळखीतल्या एका मुलाने करून दिलेली, नंतर कुणी तिच्याकडे पाहिलंच नाही. कुणीतरी आत शिरून असं काही बसवलं की मोबाईलवरून येणारं गिऱ्हाईक थेट सट्ट्याच्या पानावर जायचं. ताई लॅपटॉपवर बघायच्या, तिथे सगळं ठीक! त्यांचं गूगलवरचं जाहिरात खातं बंद झालं. मग मेसेजबरहुकूम मुलाच्या जीमेलवर दुसरं खातं, जाऊबाईंच्या नावाने तिसरं. वेबसाईट तीच, कार्ड तेच. दुसरं अकरा दिवस चाललं, तिसरं दुपार उलटायच्या आत गेलं. आणि मग त्यांच्या यजमानांच्या कोचिंग क्लासचं खातंही बंद झालं. ते कित्येक वर्षं सुरळीत चालू होतं, पण पैसे त्याच कार्डावरून जात होते.

असं का होतं? कारण बंदी जीमेलवर नसते. ती जाहिरात देणाऱ्यावर असते. गूगलच्या नियमांत ‘यंत्रणेला चकवणं’ हा गंभीर प्रकारातला दोष आहे. त्यात पूर्वसूचना मिळत नाही, सापडलं की खातं बंद. आणि सस्पेंड झाल्यावर दुसरं खातं उघडणं हेच मुळी चकवणं धरलं जातं. म्हणजे पहिला दोष कदाचित किरकोळ, वेबसाईट साफ केली की सुटणारा होता. नवं खातं काढून आपण त्याच्यावर मोठा दोष स्वतःच्या हाताने चढवला. २०२४ साली गूगलने जगभरात ३ कोटी ९२ लाखांहून जास्त जाहिरातदार खाती सस्पेंड केली, भारतातली २९ लाख. त्यातली बहुतेक एकही जाहिरात दिसण्याआधीच बंद झाली होती. नव्या खात्याला कुणी ओळखत नाही, असं समजणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

भाड्याच्या खात्याचा सल्ला तर मला मुळातच कळत नाही. जाहिरातदाराची ओळख आता कागदपत्रांवरून पडताळली जाते आणि पडताळलेलं नाव जाहिरातीसोबत दिसतं. मार्च २०२३ पासून गूगलने जाहिरातींची एक जाहीर नोंदवहीच खुली केली आहे, कोणती जाहिरात कोणाच्या नावावर चालते ते कुणीही शोधू शकतं. साड्या तुमच्या आणि नाव भलत्याच कुठल्या फर्मचं, हे चोखंदळ गिऱ्हाइकाच्या नजरेतून सुटेल? शिवाय जीएसटी. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के लागतो. दहा हजारांवर अठराशे. बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल तर नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याचं क्रेडिट मिळतं. भाड्याच्या खात्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर, म्हणजे भाडं गेलं ते गेलंच, अठराशेही गेले. आणि मूळ मालकाने उद्या पासवर्ड बदलला तर दाद कुणाकडे मागणार?

पासवर्डवरून आठवलं, तो कुणालाच द्यायचा नाही. मलाही नाही. खात्यात माणसाला त्याच्या स्वतःच्या ईमेलवरून जोडता येतं: कुणाला फक्त पाहण्यापुरतं, कुणाला फक्त बिलापुरतं. काम संपलं की काढून टाकायचं.

आता शब्द फिरवण्याबद्दल. बंदी असलेला शब्द मुद्दाम चुकीचा लिहिणं, मध्ये ठिपका घालणं, तपासणीला एक पान आणि गिऱ्हाइकाला दुसरं दाखवणं, हे सगळं पुन्हा त्याच ‘चकवण्या’त मोडतं. काही विषयांसाठी गूगलची पायरीपायरीची शिक्षा आहे: आधी ताकीद, मग पहिल्या स्ट्राइकला, म्हणजे नावावर लागलेल्या पहिल्या दोषाला, तीन दिवस खातं थांबतं, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला सस्पेंड. नव्वद दिवस नीट राहिलं की स्ट्राइक उतरतो. म्हणजे नुसतं शांत बसण्यानेही फायदा होतो. तिथे घाईघाईने दहा वेळा तेच टाकून काय मिळणार? यंत्र तपासतं हे खरं आहे. पण यंत्र कंटाळत नाही, हेही खरं.

साखर, वजन, उंची यांच्या औषधांची जाहिरात करणाऱ्यांनी तर शब्दांशी खेळूच नये. मेटावर, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर, ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ असा वाचणाऱ्याच्या आजारावर बोट ठेवणारा प्रश्न चालत नाही. आणि मेटाचं सोडा, १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याच्या यादीत मधुमेह, लठ्ठपणा, उंची तिन्ही आहेत. ती औषधाने बरी करतो अशी जाहिरात केली तर पहिल्याच खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ताईंच्या धंद्यातही असाच एक सापळा आहे: पॉवरलूमची साडी ‘हातमाग’ म्हणून दाखवणं. ती दिशाभूलच.

बँकेच्या तक्रारीचं मूळ एका गैरसमजात आहे. गूगलवर रोजचं बजेट ५०० ठेवलं तर एखाद्या दिवशी १००० पर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याचा हिशेब मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीत, म्हणजे १५,२०० मध्येच बसवला जातो. दुकानदार एका दिवसाचा आकडा पाहून बँकेला फोन लावतो, बँक गूगलकडून पैसे ओढून घेते, आणि तिकडे खातं बंद. आधी खात्यातला महिन्याचा हिशेब बघा, खोट्या क्लिकचे पैसे परत जमा झालेत का तेही तिथेच दिसतं.

राहिलं अपील. उत्तरं साचेबंद येतात, चुकीची सस्पेन्शनंही होतात, आणि कधीकधी माणसाने काही वाचलंय असं वाटत नाही. हे मान्य. पण ग्रुपवर मी पाहिलेली बहुतेक अपिलं ‘सर, माझी काही चूक नाही, कृपया खातं सुरू करा’ एवढीच होती. ताईंच्या वेळी आम्ही आधी वेबसाईट साफ करून घेतली, सगळे पासवर्ड बदलले, पानावर घरचा पत्ता, फोन आणि साडी परत घेण्याचे नियम टाकले. मग कुठे एकच अपील लिहिलं: काय बिघडलं होतं, कधी दुरुस्त केलं, आणि दुसरं-तिसरं खातं आम्हीच घाबरून उघडलं होतं. ही शेवटची ओळ लिहायला ताई तयार नव्हत्या.

पहिलं खातं सुटलं. यजमानांच्या क्लासचं अजून अडकलेलंच आहे.