'एक डोळस वाचक' यांस

कॅन्सरच्या वेदनांवर मॉर्फिन, म्हणजे अफूपासून होणारं वेदनाशामक, द्यावं असं सांगणाऱ्या माझ्या 'बाबांच्या गोळ्या' या लेखाखाली आपण लिहिलंत: "मॉर्फिनने कॅन्सरच्या पेशी तगतात, हे सिद्ध झालंय. ते न सांगता लोकांना अफू चारायला निघालात. आधी वाचन वाढवा." खाली सही, 'एक डोळस वाचक'. म्हणजे आम्ही आंधळे. असो.

एक चूक कबूल. जागतिक आरोग्य संघटनेची वेदनाशमनाची शिडी (साध्या गोळीपासून मॉर्फिनपर्यंत पायरीपायरीने चढायची) १९८६ची, मी १९८४ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं, हेही लिहायचं राहिलंच; रोज रात्री सारक मीच पाजायचो, तरी राहिलं.

पण 'सिद्ध'? कशात? २००२ साली उंदरांत माणसाच्या स्तनकॅन्सरच्या पेशी घालून मॉर्फिन दिलं, तेव्हा नव्या रक्तवाहिन्या तयार होऊन गाठ वाढली. खरंय. आणि काचेच्या बशीत मात्रा वाढवल्यावर मॉर्फिननेच पेशी मेल्या, असेही प्रयोग आहेत. त्यांचं काय करायचं? माणसांचं म्हणाल तर २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेली चाचणी बघा. स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांवर बायका. काहींना नसा बधिर करून ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीची औषधं) कमी लागतील अशी भूल, बाकीच्यांना नेहमीची. कॅन्सर उलटण्यात फरक पडला नाही. ती भूल होती, महिनोन्‌महिन्यांच्या गोळ्या नव्हेत, असं तुम्ही म्हणालच. म्हणा.

आता वाचनाचं. माझं वाचन जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर झालंय: दहा, दोन, सहा, दर चार तासांनी एक फुली. बाबांच्या मणक्यात कॅन्सर उतरला होता. कूस बदलताना पलंगाची पट्टी अशी धरायचे की बोटं मी एकेक करून सोडवायचो. मॉर्फिन मिळणं सोपं करणारी २०१४ची कायदादुरुस्ती अजून व्हायची होती. इंदुरात रामबागेपासून नवलखापर्यंत मेडिकल पालथी घातली. एका दुकानदाराने तर नशेडी समजून हाकललं. मंदसौरला अफूची शेतं, नीमचला सरकारी कारखाना, आणि इंदुरात दहा मिलिग्रॅमची गोळी नाही!

पाचव्या दिवशी मिळाली. त्या रात्री बाबा उताणे झोपले. सकाळी पोहे मागितले, आणि वरचा जीरावन मसाला कमी म्हणून माझ्यावर खेकसले. तेव्हा मी त्यांच्या पेशींना विचारायला हवं होतं का, की बायांनो, तगताय ना?

व्यसन, मात्रा वगैरे तुमच्या उरलेल्या चार ओळींचं उत्तर मूळ लेखातच आहे. डोळस माणसाला दिसायला हरकत नव्हती. आणि पुढच्या खेपेला खरं नाव घालून लिहा.