मामा, फाइली पुसू नका

तो मेसेज मलाही तीन ग्रुपवर येऊन गेला होता: 'डेस्कटॉप सॉफ्टवेअरचा जमाना संपला. सगळं ब्राउझरमध्ये होतं. ऑनलाइन फाइल कधीच जात नाही, कॉम्प्युटरवरच्या कॉप्या काढून टाका. व्हायरस इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरमधूनच येतो. ऑनलाइन स्वस्त पडतं.' मी सोडून दिलं असतं. पण सांगलीत मामांचं डीटीपीचं दुकान आहे, आणि परवा त्यांनी हे वाचून लग्नपत्रिकांचं अख्खं फोल्डर डिलीट केलं.

फोल्डर सिंकला लावलेलं होतं, म्हणजे कॉम्प्युटरवरचं आणि ऑनलाइन फोल्डर आपोआप सारखं राहत होतं. अहो, सिंक म्हणजे दुसरी प्रत नव्हे! इथे पुसलं की तिथलंही जातं. ऑनलाइन ट्रॅशमध्ये फाइली ३० दिवस राहतात म्हणून परत मिळाल्या. मामांनी महिन्याभराने फोन केला असता तर मी काही करू शकलो नसतो.

'कधीच जात नाही' म्हणणाऱ्यांनी नायरा एनर्जीचं प्रकरण बघावं. गुजरातेत वाडीनारला या कंपनीची रिफायनरी आहे. जुलै २०२५मध्ये युरोपियन युनियनने तिच्यावर निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने तिला मिळणाऱ्या ऑनलाइन सेवा थांबवल्या. लायसन्सचे पैसे पूर्ण भरलेत, तरी आमचाच डेटा आम्हाला मिळत नाही, ही कंपनीची तक्रार होती. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि मग सेवा सुरू झाल्या. तिच्याकडे वकील होते. ऐन लगीनसराईत मामांचं खातं बंद पडलं तर त्यांनी कुणाचं दार ठोठवायचं?

'सगळं ब्राउझरमध्ये होतं' हेही खोटं. मामांचं जुनं काम पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याची शेवटची आवृत्ती २००१ची, आणि ती फाइल गुगल डॉक्समध्ये उघडतच नाही. मजकूर तेवढा कॉपी करून टाकला, तर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधलं 'श्री गणेशाय नमः' म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. तो फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखीच अक्षरं दाखवणाऱ्या पद्धतीचा, नाही, ब्राउझर तरी काय करणार? आणि 'जमाना संपला' म्हणे! फोटोशॉप २०१३पासून क्रिएटिव्ह क्लाउड या नावाखाली वर्गणीवर गेलं, तरी त्याचं मुख्य सॉफ्टवेअर आजही कॉम्प्युटरवरच इन्स्टॉल करावं लागतं.

स्वस्ताचं म्हणाल, तर वर्गणी दर महिन्याला आहे, एकदाच नाही. व्हायरस क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून येतो हे खरं, पण ब्राउझरला जोडायचं खोटं एक्स्टेन्शनही पासवर्ड चोरतं.

एक मात्र मान्य करावं लागेल. पत्रिकेचा मजकूर गुगल डॉक्सवर टाकल्यापासून मुलाकडचे आणि मुलीकडचे एकाच फाइलमध्ये नावं तपासतात. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल काकांनी सांगितलेली' अशा फाइलींचा पेनड्राइव्ह घेऊन होणारे हेलपाटे वाचलेत. तेवढं काम तिथेच करावं.

काल दुकानात बसून सगळ्या पत्रिकांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतली. ती डिस्क आता मामींच्या कपाटात आहे. जुन्या पेजमेकर फाइलींच्या पीडीएफ करायला घेतल्यात, २००९पर्यंतच्या झाल्या.