'करदाता' यांना उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

मागच्या पोस्टवर 'करदाता' या नावाने एक प्रतिक्रिया आलीय. एरवी मी खालीच दोन ओळी लिहून मोकळा होतो, पण ही वाचल्यावर रात्री नीट झोप लागली नाही म्हणून वेगळं लिहितोय.

ज्यांनी ती पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी: बंदर रस्त्यावर आमच्या नगरपरिषदेने कारंजं, रंगीत पेव्हर ब्लॉक आणि सेल्फी पॉइंट केला, आणि बाजारातल्या वहाळाची (ओढ्याची) पडकी भिंत मात्र तशीच राहिली. दर पावसाळ्यात तिथून पाणी दुकानांत शिरतं, तर आधी काय करायला हवं होतं, एवढंच मी विचारलं होतं. त्यावर करदाता म्हणतात: "सभागृहात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाने निधी कसा येतो यावर शहाणपण शिकवू नये. तो निधी सुशोभीकरणाच्या हेडचा (म्हणजे त्याच खात्यावर खर्चायचा) आहे, वहाळाला वापरताच येत नाही. लोकप्रतिनिधींना लोकांनीच निवडलंय. स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा यातला फरक तरी माहीत आहे का? गाडीवाल्यांचा धंदा वाढलाय तो दिसत नाही का? आणि काम खराब झालं तर दोषदायित्व कालावधीत ठेकेदार करून देतोच, उगाच बोंब कशाला."

आधी छोटी गोष्ट. एका ठिकाणी मी 'स्थायी समितीने मंजूर केलं' असं लिहिलं होतं, तिथे सर्वसाधारण सभा (म्हणजे मोजक्या सदस्यांची समिती नाही, सगळ्यांची सभा) हवं होतं, बदललंय. झालं समाधान?

आता ते पाऊल.

साहेब, तुम्ही कोण ते मला माहीत नाही कारण तुम्ही नाव लिहिलेलं नाही, मी मात्र माझ्या नावाने लिहितो. माझे वडील नगरपरिषदेत नोकरीला होते. आधी जकात नाक्यावर, मग १९९९ साली नगरपरिषदांची जकात गेली तेव्हा त्यांना लेखा विभागात घेतलं, ते रिटायर होईपर्यंत तिथेच. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या घरी जेवणाच्या वेळा बदलायच्या कारण अंदाजपत्रक. आरंभीची शिल्लक, घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी, बाजार फी, शासनाचं सहायक अनुदान हे शब्द मी शाळेच्या पुस्तकात नाही, ताटावर बसून ऐकलेत. त्यामुळे 'शहाणपण शिकवू नये' हे तुम्ही कोणाला सांगताय ते एकदा बघा.

आणि सभागृहात मी गेलोय. आमच्याकडे प्रेक्षक गॅलरी वगैरे नाही, मागे खिडकीपाशी एक बाक आहे, तिथे पत्रकार बसतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा शिपायाने विचारलं तुमचं काय काम, म्हटलं सभा ऐकायचीय, तर तो आत जाऊन विचारून आला. सभा लोकांना खुली असते हे त्याला बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आत काय चालतं तर विषय वाचला, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, मंजूर, पुढचा. चर्चा झालेली असते आदल्या संध्याकाळी गटाच्या बैठकीत, कोणाच्या तरी घरी चहा-भजी खात. आवाज चढतात ते दिवाबत्तीच्या बल्बवरून आणि कोणाच्या वॉर्डात टँकर आला नाही त्यावरून. मोठ्या रकमेचे विषय बहुतेक शेवटी, 'ऐनवेळचे विषय' म्हणून येतात, जेव्हा पत्रकार उठून गेलेले असतात. छापील विषयपत्रिकेत ते नसतातच, मग नागरिकाने आधी वाचायचं काय आणि हरकत घ्यायची कशावर?

तर निधी 'येतो' हे तुमचं वाक्य. पाऊस येतो, एसटी येते (कधीकधी), निधी येत नाही. तो मागितला जातो. वडील यावर नेहमी चिडायचे, कोणी म्हणालं की यंदा इतके आले, तर म्हणायचे, "आले कसले, मागून घेतले!"

जिल्हा नियोजनमधून नगरोत्थान या शहरांसाठीच्या योजनेचे पैसे असोत नाहीतर राज्याच्या 'वैशिष्ट्यपूर्ण कामां'च्या योजनेचे, प्रस्ताव जातो कुठून? नगरपरिषदेतून. त्याला ठराव लागतो, अभियंत्याने काढलेला कामाच्या खर्चाचा अंदाज लागतो, तांत्रिक मान्यता लागते, मग वर प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यादेश. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, त्यामुळे कुठलं काम पुढे सरकणार हे अर्धं तिथल्या राजकारणावर ठरतं हे मलाही कळतं, मी काल जन्मलेलो नाही. पण यादीत कारंजं लिहून पाठवलं तर वरून वहाळाची भिंत मंजूर होऊन येणार नाही. हेड नंतर चिकटतो, आधी कोणीतरी कागदावर 'सुशोभीकरण' लिहिलेलं असतं. तो कागद कोणी लिहिला, तेव्हा वहाळाचा प्रस्ताव सोबत का गेला नाही, हाच माझा प्रश्न होता आणि त्यावर तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही. 'वापरताच येत नाही' हे बरोबर आहे हो, मंजूर झाल्यावर येत नाहीच. मंजूर व्हायच्या आधीचं बोलतोय मी.

बरं सगळाच पैसा असा बांधलेला असतो असंही नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात, म्हणजे २०२१ ते २०२६ या काळात, आमच्यासारख्या लहान शहरांना साठ टक्के पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेले, चाळीस टक्के मोकळे. पगार-आस्थापना सोडून गावाला जे लागेल त्याला वापरा. त्या चाळीस टक्क्यांचं आमच्याकडे काय झालं हे मी माहिती अधिकारात विचारलं तेव्हा मला एक पानाचं उत्तर मिळालं ज्यात 'विविध विकासकामे' असं लिहिलं होतं. हे विविध शब्दात काय काय बसतं ते तुम्हाला ठाऊक असेल, तुमचं सभागृहात जाणं-येणं असतं म्हणता. खरं तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कलम ४ आहे, अंदाजपत्रक आणि खर्च कोणी मागायच्या आधीच जाहीर करायचा असतो. आमच्या नगरपरिषदेच्या वेबसाइटवर अजून जुन्या दिवाळीच्या शुभेच्छा फिरतायत.

आणखी एक, कारण यावर कोणीच बोलत नाही. अनुदान मिळतं ते काम उभं करायला. कारंज्याचं वीजबिल, पंप, दिवे, माळी हे सगळं नगरपरिषदेच्या स्वतःच्या फंडातून, म्हणजे घरपट्टीतून. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, खाऱ्या हवेत, लोखंडी रेलिंग आणि उघड्यावरचे दिवे. आमच्याकडे ग्रिलला दर वर्षी रंग द्यावा लागतो, तिथे हे किती टिकणार? पेपरात दर वर्षी छापून येतं 'शिलकी अंदाजपत्रक मंजूर', इतक्या कोटींचं. त्यातले बहुतेक कोटी म्हणजे या खिशातून आलेली अनुदानं त्या खिशात. पगार, वीज, पाणी, कचरा आणि दिव्यांगांसाठीचे पाच टक्के यासारखे ठरलेले हिस्से बाजूला काढले की मुख्याधिकाऱ्याच्या हातात खरं ठरवण्यासारखं जे उरतं त्यात वहाळाचा गाळ काढणंसुद्धा दोन हप्त्यांत करावं लागतं. म्हणून तर प्रत्येक नव्या शोभेच्या कामाला मी नाक मुरडतो, शोभा नको म्हणून नाही. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला काय झालं ते बघितल्यावर कोकणातल्या कुठल्याही नगरपरिषदेने पाण्याची वाट आधी मोकळी करावी असं म्हणणं हे शहाणपण वाटत असेल तर असू दे.

'लोकप्रतिनिधींना लोकांनीच निवडलंय.' कुठल्या? कारंज्याचा ठराव प्रशासकाच्या, म्हणजे निवडून आलेले सदस्य नसताना कारभार बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, काळातला आहे, क्रमांकाच्या आधी 'प्रशासकीय ठराव' असं स्वच्छ लिहिलंय. २०२१ च्या अखेरीपासून नगरपरिषदांच्या मुदती संपत गेल्या, ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला आणि मतदान झालं ते डिसेंबर २०२५ मध्ये. मधली चार वर्षं प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी, सूचक-अनुमोदकाचं नाटकही नाही. आणि निवडलेले असते तरी काय, ग्रामपंचायतीत निदान ग्रामसभा असते, कोणीतरी उठून सरपंचाला विचारतो की माझ्या वाडीचा रस्ता कुठे गेला. शहरात आलो की ते गेलं. क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातल्या भागाभागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ साली कायद्यात आली म्हणतात, तुमच्या वॉर्डात झालीय का एखादी? माझ्या नाही.

गाडीवाल्यांचं म्हणाल तर वाढला असेल धंदा, चांगलंच आहे, मी कुठे नाही म्हटलं. त्यावर वेगळं कधीतरी लिहीन.

राहता राहिला दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम झाल्यावर त्यातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत. हा शब्द मला माहीत आहे तो वडिलांमुळे. सामान्य करदात्याच्या तोंडी तो इतक्या सहज येतो याचं मात्र आश्चर्य वाटलं. तुम्ही ठेकेदार आहात असं मी म्हणत नाहीये, पण नाव लिहिलं असतंत तर असला विचारही माझ्या डोक्यात आला नसता. असो.

ज्या सभेत प्रस्ताव पाठवायचं ठरलं तिच्या इतिवृत्ताची नक्कल मी मागितलीय, फी भरलीय, पावती आहे. मिळाली की जशीच्या तशी इथे टाकतो, मग बोलू. तोपर्यंत मुद्द्यावर काहीही लिहा, कितीही कडक लिहा, ठेवीन. 'पाऊल' आणि 'शहाणपण' वाल्या प्रतिक्रिया यापुढे मंजूर करणार नाही, त्या ऐनवेळी आल्या तरी.